बाळाईच्या पाठीवरचा पत्रा

आमच्या कुशाकाकीच्या अंगणात शेजारणीच्या कोंबडीनं अंडं घातलं, तर काकी ते पदराआड धरून शेजारणीला नेऊन देते. कोंबडी चुकली म्हणून अंडं आपलं होत नाही, असं तिचं म्हणणं. ताकाला आणलेली वाटी तिच्याकडून कधी रिकामी परत जात नाही. चार शेंगा, कोथिंबिरीच्या दोन काड्या, काहीच नसलं तर गुळाचा खडा तिच्यात पडतोच. लहानपणी एकदा मी दुसऱ्याच्या बांधावरची बोरं खिशात भरून तिच्या ओट्यावर येऊन बसलो. तिनं माझा कान धरून त्या बांधापर्यंत चालवत नेलं आणि सगळी बोरं झाडाखाली ठेवायला लावली. ती काय परत फांदीला चिकटणार होती? पण काकीपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

मी गोरख, तिच्या चुलत दिराचा मुलगा. पिंपरी पेंढारहून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेतो, पिकअप आहे माझी. देवाधर्माबद्दल माझं मत एवढंच की आधी गाडीचा ब्रेक तपासावा आणि मग नारळ फोडावा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणी मला भाबडा म्हणायला नको.

काकी मूळची मढची. लग्न होऊन इथं आली तेव्हा सासूनं सगळ्यात आधी तिच्या हातात देव्हाऱ्यातला एक टाक ठेवला. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, पाठीला तांब्याचा पत्रा लावलेला. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे, भवानी आहे, वाडवडील आहेत, सगळे चौकोनी. ही एकटी गोल. मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई, डोक्यावरून पदर, आणि वर ओवायला कडी. झिजून झिजून तिचे नाक-डोळे कधीच गेलेले. तिला आम्ही बाळाई म्हणतो.

गावात कुणा बाईच्या कळा सुरू झाल्या की तिच्या घरचं माणूस काकीकडं येतं. काकी अंघोळ करते, बाळाईला लाल नाड्यात ओवते आणि जाऊन त्या बाईच्या डाव्या मनगटाला बांधते. कळ आली की बाईनं मांडीवरच्या बाळाच्या पायांवर अंगठा दाबून धरायचा. पिढ्यान् पिढ्यांच्या अंगठ्यांनी तिथं खळगा पडलाय, बाळाला पायच उरले नाहीत. पाचवीला सटवाईची पूजा झाली की बाळाई खणानारळाच्या ओटीसकट घरी परत यायची. एका घरून परस्पर दुसऱ्या घरी जायची नाही. जात-धर्म विचारायचा प्रश्न नव्हता. ठाकरवाडीत गेली, अतारांच्या घरी गेली, जुन्नरच्या सराफ खेमचंद शेठजींच्या पत्नी धापूबाई अडल्या तेव्हा काकी एसटीनं जाऊन बांधून आली. त्यांचा हितेश बाळाईचा, मी बाळाईचा, माझी दोन्ही पोरंही तिचीच. आता सगळ्या बाया दवाखान्यात जातात, पण मनगटाला ही असतेच. सोनोग्राफी करून आलेल्या सुनासुद्धा काकीच्या दारात येतात.

ही आमच्याकडं आली कशी, त्याची गोष्ट घरातले बाप्ये मिशीला पीळ देत सांगायचे. आमचा कुणी पूर्वज वसईच्या मोहिमेवर गेला होता. वसईला तेव्हा फिरंग्यांचं राज्य. त्यांनी देवळं पाडलेली, देव विहिरीत टाकलेले. आमच्या माणसानं त्या धुमश्चक्रीतून एक देवी सोडवली आणि पागोट्यात बांधून गावी आणली. तीच ही. गावची जत्रा असो की कुणाचं लग्न, ही गोष्ट निघाली की आमच्या छात्या दोन बोटं फुगायच्या.

या वर्षी काकीची नात आरोही, तिच्या भरतची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. काकीनं टाक काढून पाहिला तर कडी झिजून केसाएवढी राहिलेली. ऐन वेळी नाड्यातून सुटला तर? म्हणून मी काकीला घेऊन जुन्नरला खेमचंद शेठच्या दुकानात गेलो. दुकान आता हितेश पाहतो, पण देवाचं काम आलं की म्हातारा अजून स्वतः गादीवर सरकून बसतो. कडीला डाग द्यायला, म्हणजे सांधायला, त्यांनी टाक तापवला आणि पाठीचा तांब्याचा पत्रा सुटून हातात आला.

शेठनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. टाक दिव्याखाली धरून उलटसुलट केला. मग मला बोलावून दाखवला. पाठीवर क्रूस होता, आणि त्याच्याभोवती झिजलेली इंग्रजीसारखी अक्षरं.

"कुशाबाई, हा टाक न्हाई," ते म्हणाले. "टाक ठोकीव आसतो, ही ओतीव हाये. ख्रिस्ती लोक गळ्यात घालत्यात ते. ही त्यांची मेरीमाता, अन् मांडीवर येशू."

शेठ बराच वेळ समजावत राहिले. पूर्वीच्या कुणा सोनारानं मुद्दाम पाठ झाकली असणार, म्हणजे चार देवांच्या रांगेत ती बसून जाईल. पत्रा पुन्हा लावून देतो, आम्हा तिघांपलीकडं कुणाला कळायचं नाही, असंही ते म्हणाले. मग त्यांनी ती कपाळाला लावली. हितेशला हिनंच आणला, ती कुणाचीही असो, एवढं पुटपुटले. काकीनं कडी तेवढी घट्ट करून घेतली. पत्रा लावू दिला नाही.

परतताना गाडीत ती ओतूर मागं पडल्यावर बोलली.

"गोरखा, आपली देवी व्हती म्हून आपन सोडवली, आसं म्हनत आलो. ती त्यांचीच व्हती, तर मंग आपन काय केलं?"

मी म्हटलं, दिली असेल कुणी. लढाईत माणूस माणसाला काही देतोच की.

"गरवार बाई अंगावरचा ताईत काढून देती व्हय?"

मी गाडी चालवत राहिलो. भीमाशंकरला देवळासमोर मोठी घंटा आहे, तीही वसईच्या चर्चची, मोहिमेतून आलेली. तिच्यापुढं फोटो काढताना आम्ही लूट म्हणूनच अभिमानानं सांगतो आणि कुणाला काही वाटत नाही. पण घंटा कुणाच्या मनगटाला बांधलेली नसते. ही होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती बाई दिसली. नाव नाही, चेहरा नाही, तोफांच्या आवाजात पोटाला हात लावून बसलेली. तीनशे वर्षं होत आली त्याला. आम्ही सगळी तिच्या ताइतावर जन्मलेली माणसं, आणि तिचं पोर जगलं की नाही हे आम्हाला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू, गाडी बाजूला घेऊन मी तोंडावर पाणी मारलं.

घरी काकीनं बाळाईला देव्हाऱ्यात ठेवलं नाही. वेगळा पाट मांडला, त्यावर कोरं फडकं अंथरलं, शेजारी समई लावली. पाहुणीला बसवतात तसं बसवलं आणि जाहीर केलं, की ही ज्यांची आहे त्यांना द्यायची.

भरत चिडला. गावभर बोभाटा होईल, लोक हसतील, काही लोक नको ते बोलतील. पत्रा लावून टाक आणि गप्प बस, असं त्यानं आईला सुनावलं. वसईत काय दारोदार विचारत फिरणार का, हेही विचारलं. त्याची बायको नूतन आरोहीच्या पोटाकडं पाहत होती. तिच्या मुलीचे दिवस भरले होते. तेव्हा आरोही म्हणाली की ती जिथं तपासायला जाते, त्या नारायणगावच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर वसईच्या आहेत. सेसिलिया मच्याडो. नवरा खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला, म्हणून इकडं आलेल्या.

काकीनं मान हलवली. ठरलं. आरोहीच्या पुढच्या तपासणीला जाऊन द्यायची.

तपासणीचा दिवस उजाडायच्या आधीच आरोहीच्या कळा सुरू झाल्या. सकाळी मी सगळ्यांना घेऊन दवाखान्यात पोचलो. काकीच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ, कुंकवाचा करंडा आणि रुमालात बाळाई, तिच्या लाल नाड्यासकट. आरोहीला आत घेतलं. बराच वेळ गेला. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या की बाळ खाली सरकत नाही, थोडी वाट पाहू, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. दाराआडून आरोहीचा आवाज येत होता, आज्जी आज्जी म्हणत होती.

नूतननं सासूचे हात धरले. "आत्याबाई, आजच्या दिवस बांधा. उद्या द्या, कुनाला द्यायची ती. माजी पोर हाये आत."

काकीनं हात सोडवून घेतले नाहीत. "माजी बी नातच हाये. पन कुना आईची हिसकून आनलेली आसंल, तर माज्या नातीला कशी बांदू? त्या बाईचा तळतळाट तिला लागायचा."

मला काकीचा राग आला. खरंच आला. अंड्याचा न्याय इथं लावायचा असतो का? नूतननं हात सोडले, भिंतीकडं तोंड केलं आणि पदर तोंडात कोंबला. बांधली तर पाप लागेल, नाही बांधली आणि काही बरंवाईट झालं तर सून जन्मभर तोंड पाहणार नाही, हे काकीला कळत नव्हतं असं नाही. ती त्या दोन्हीच्या मधे उभी होती, रुमाल छातीशी धरून.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चेहऱ्यावर घाम. गळ्यात दोऱ्याला तपकिरी कापडाचा एक लहानसा चौकोन होता, ख्रिस्ती लोक ताइतासारखा घालतात तसा. काकी सरळ त्यांच्या वाटेत उभी राहिली. सिस्टर घाईत होत्या, पण काकीचा चेहरा पाहून थांबल्या. काकीनं एका दमात सगळं सांगितलं. वसई, पागोटं, तांब्याचा पत्रा, सगळं. मग रुमाल सोडला.

सिस्टरनी बाळाई तळहातावर घेतली. मी समोर उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी आधी क्रूस पाहिला नाही, अक्षरं पाहिली नाहीत. त्यांचा अंगठा आपोआप त्या बाळाच्या पायांवर गेला, त्या खळग्यात बरोब्बर जाऊन बसला.

"इथंच दाबतात," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या आजीकडे होतं असं एक. कळ आली की बाळाच्या पायांवर अंगठा ठेवायचा, म्हणायची."

कुणी शिकवलं आमच्या बायांना? त्या दिवसापासून मी विचार करतोय. वसईत अंगठा तिथंच, पिंपरी पेंढारला तिथंच, आणि मधे तीनशे वर्षं अवाक्षर नाही. पळवून आणलेल्या वस्तूबरोबर ती वापरायची रीत कशी येईल? मग कुणी हातात हात घेऊन सांगितली असेल का? की कळा सोसणाऱ्या बाईचा अंगठा जगात कुठंही तान्ह्याच्या पायांवरच जातो? आपण किती लहान आहोत, एवढंच त्या वऱ्हांड्यात कळलं.

काकीलाही तीच आशा वाटली असावी. तिनं विचारलं, दिलेली असंल का मंग?

सिस्टर खोटं बोलल्या नाहीत. दिली की घेतली, हे त्यांना सांगता येणार नाही म्हणाल्या. पण आजीकडून ऐकलेली एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांचे लोकही आधी हिंदूच. फिरंग्यांच्या राज्यात ते ख्रिस्ती झाले आणि बाळंतिणीच्या घरी सटीची, म्हणजे सटवाईची, पूजा करायला बंदी आली. कळलं तर शिक्षा होती. तरी बायका दार लावून सटीचा दिवा लावायच्या, आणि बाळंतिणीच्या उशाशी मेरीमाता असायची. दोघींनाही त्यांनी सोडलं नाही.

"तिकडं आमच्या बायकांनी तुमची सटवाई लपवली," त्या म्हणाल्या, "आणि इकडं तुमच्या घरात आमची आई झाकून ठेवली."

आतून आरोही पुन्हा ओरडली. सिस्टर वळल्या. काकीनं त्यांचा हात सोडला नाही. "आमी आनली, आमी वापरली. आता तुमी घ्या. तुमी न्हाई घ्यायची तर कोनी घ्यायची?"

सिस्टरनी एकदा नूतनकडं पाहिलं, एकदा दाराकडं. मग त्यांनी पांढऱ्या एप्रनचा घोळ पुढं धरला. काकीनं त्यात खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. कुंकवाच्या करंड्याकडं गेलेला हात तिनं मागं घेतला, तर सिस्टरनीच मान पुढं केली. मग बाळाई नाड्यासकट सगळ्यांच्या वर ठेवून काकीनं वाकून नमस्कार केला. सिस्टर ओटी सावरत आत गेल्या आणि दार लागलं.

काकीचे दोन्ही हात मोकळे झाले. इतक्या बायांना बांधून आलेली ती बाई, आज तिच्याकडं स्वतःच्या नातीसाठी काही नव्हतं. नूतन भिंतीकडं तोंड करून तशीच उभी होती. मला तिथं थांबवेना आणि जाववेना.

दार पुन्हा उघडलं. सिस्टरनी नुसतं डोकं बाहेर काढलं. एका हातात बाळाई, दुसऱ्या हातात लाल नाडा.

"आजी, कुठल्या हाताला बांधायची? डाव्या की उजव्या?"

आम्हाला कुणाला काही समजेना.

"ही आता माझी आहे ना?" सिस्टर म्हणाल्या. "मग मी देते. माझ्या हातानं, माझ्या मनानं देते. हात सांगा."

"डाव्या," काकी म्हणाली आणि तिथंच फरशीवर बसली. ती रडली. तिच्या शेजारी नूतन बसली, आणि तिनं सासूचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

दुपारचं ऊन वऱ्हांड्यात यायच्या आत मुलगी झाली, ऑपरेशनवाचून. इंजेक्शननं झाली की बाळाईनं, या वादात मी पडत नाही. डॉक्टरबाईंचा हात चांगला आहे, हेही मी सगळ्यांना सांगतो.

पाचवीला सिस्टर घरी आल्या. सटवाईची पूजा झाल्यावर रीतीप्रमाणं आरोहीनं बाळाई ओटीसकट तिच्या मालकिणीला परत केली, म्हणजे सिस्टरना. भरत दारातच अवघडून उभा होता, पण चहा त्यानंच आणून दिला. सिस्टर देव्हाऱ्यापुढं जरा वेळ उभ्या राहिल्या. खंडोबा आणि भवानीच्या मधे बाळाईची जागा रिकामी होती, लाकडावर तिची गोल खूण उमटलेली. त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि बाळाई त्या खुणेवर नेऊन ठेवली, पाठ उघडी. माझीच आहे, पण राहू दे इथं, तिला इथल्या बाया ओळखतात, असं त्यांनी काकीला सांगितलं. बोभाटा झाला, लोक चार दिवस बोलले, आणि पाचव्या दिवशी बोलणाऱ्यांपैकीच एकाची सून अडली म्हणून त्याचा भाऊ काकीच्या दारात आला.

तेव्हापासून एक नवी रीत पडलीये. कुणी बाळाई मागायला आलं की काकी त्याला ओट्यावर बसवते आणि मला किंवा भरतला हाक मारून सिस्टरना फोन लावायला सांगते. अमक्याच्या सुनेसाठी नेऊ का, एवढंच विचारते. सिस्टर हो म्हणतात. एकदा त्या वैतागून म्हणाल्यासुद्धा, आजी, दर वेळी काय विचारायचं, माझं कायमचं हो समजा. मीही तेच म्हटलं.

"एकदा न इचारता आनली आसंल," काकी म्हणाली, "तर आता दर टायमाला इचारायचं."

फोन लागेपर्यंत ती उभी असते, अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन.